तीन दोऱ्यांची मच्छरदाणी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बालाघाटला माझ्या गोदामात बारदानावाल्याशी भांडत होतो. त्याआधीचे चार दिवस मी गोंदियाच्या दवाखान्यातून हललो नव्हतो. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले की आज जरा बरं आहे, आणि ताई म्हणाली, जा, कपडे तरी बदलून ये. म्हणून घरी आलो आणि सवयीने गोदामात डोकावलो, तर पोती विरलेली, शिवणी उसवलेल्या, आणि भाव मात्र कोऱ्या पोत्यांचा. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. तेवढ्यात फोन वाजला. "सुरेश, ये," ताई एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "निघालोच, ताई. तासाभरात पोचतो." ती म्हणाली, "आता घाई नोको करू. गाडी हळू चालवजो." फोन ठेवून मी बारदानावाल्याला म्हणालो, तू म्हणशील तो भाव. तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या व्यवहारात माझ्या तोंडून त्याने हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

दौलतराव माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी मलेरिया विभागात काढली. सुरुवातीला पाठीवर पंप बांधून घरोघर फवारणी केली, नंतर रक्ताचे नमुने घेण्याचं काम आलं. सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी, पेटीत काचेच्या पट्ट्या, कापूस आणि सुया. लांजीपासून बैहरपर्यंतच्या जंगलातल्या गावांत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळीकडे ते सुईवाले बाबू. आणि असा माणूस मलेरियानेच गेला. हे वाक्य गेल्या दीड महिन्यात मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता कोण म्हणालं तेही आठवत नाही. म्हणणाऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीकसं काहीतरी हलतं, ते मला दिसतं. दोघांशी मी भर बाजारात भांडलो. एकाला म्हणालो, तुझ्या घरातल्या किती जणांचं रक्त त्यांनी तपासलं होतं ते आधी सांग, मग हास. खरं सांगायचं तर भांडायला मला कुणीतरी हवं होतं. भाऊजींनी स्वतः उशीर केला नव्हता. ताप आला त्याच दिवशी त्यांनी रक्त तपासून घेतलं, त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. पण वय झालेलं, साखरेचा आजार जुना, तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, ताईने तिचं केलं. जाब विचारावा असा एकही माणूस सापडेना. मग फिरून फिरून मी एकाच जागी येऊन उभा राहायचो, आणि ती जागा मला नको होती.

मी एकोणीस वर्षांचा असताना सायकलवर पोतं टाकून मोहफुलं आणि चारोळी विकत घ्यायला जंगलात शिरलो. बापाची जमीन नव्हती, मागे कुणी नव्हतं, होतं ते तोंड. तोंडाच्या जोरावर भाव पाडायचो आणि तोंडामुळेच दोनदा मार खाता खाता वाचलो. पहिल्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, लांजीच्या पुढच्या एका गावाहून परतलो तो दात वाजवतच. ताईच्या घरी जाऊन पडलो. तिने तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. संध्याकाळी भाऊजी दौऱ्यावरून आले. चपला न काढता आत आले, माझा हात धरला, बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला आणि मग विचारलं, "केव्हा आलात, सालेसाहेब?" आमच्याकडे हिंदीची अशी भेसळ चालते. शेवटपर्यंत ते मला सालेसाहेबच म्हणत. बरा झाल्यावर मी त्यांना विचारलं की तिथले लोक तर अंगणात उघडेच झोपतात, मग मलाच काहून धरलं? ते म्हणाले, "त्यायले बी धरते. पण त्यायच्या अंगाची अन् याची लहानपणापासून थोडी ओळख हाये. तू पाव्हणा. पाव्हण्याले हे जोरात धरते." त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं ते मी आजही पाठ म्हणून दाखवीन. दिवे लागायच्या आधी बाह्या खाली करायच्या, पाय झाकायचे. जंगलात मुक्काम असेल तर दवा लावलेली मच्छरदाणी घ्यायची आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचायच्या, नुसती वर टांगून उपयोग नाही. परत आल्यावर महिनाभर अंगावर लक्ष ठेवायचं. ताप आला तर थकवा आहे, ऊन लागलं आहे असं स्वतःला समजावत बसायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. "अर्ध्या गोळ्या खाणारा माणूस मले चोरापेक्षा वाईट वाटते," असं ते म्हणत.

मी मच्छरदाणी घेतली. आणि तिनेच माझा पहिला मोठा सौदा घालवला. एका गावात म्हाताऱ्या पटलाशी, म्हणजे तिथल्या गावप्रमुखाशी, चारोळीचा भाव पक्का झाला होता, उशीर झाला म्हणून त्याच्याच छपरीत मुक्काम केला. जेवण झालं, मी पिशवीतून मच्छरदाणी काढली, बांधली, आत शिरलो. म्हातारा समोर बिडी ओढत बघत होता. सकाळी उठलो तर माल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या बैलगाडीत चढत होता. मी ओरडलो तसा म्हातारा शांतपणे म्हणाला, "शेठ, आमच्या भाकरीचा वास नाही आला तुमाले, मंग घराचाच आला काय?" त्याच्या बाजूने बघितलं तर खरंच होतं. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच घरात मी कापडाची भिंत घालून झोपलो, जसं काही तिथली हवा बाधणार होती. तेव्हापासून मी ठरवलं, ज्याच्याशी सौदा त्याच्या घरी मच्छरदाणी नाही. घोंगडं डोक्यावर घ्यायचं आणि जे होईल ते होईल. त्यानंतर मला मलेरिया चार वेळा झाला. दर वेळी भाऊजींनी सुई टोचली, आणि दर वेळी सुई जरा जास्तच खोल गेली असं मला वाटतं.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना म्हणालो, घरी बसून काय करता, माझ्या पिकअपमध्ये चला. लोकांना वाटलं मेहुणा बहिणीच्या नवऱ्याचं मन रमवतो आहे. थोडंफार तसं होतंही. पण मी व्यापारी माणूस, खरं कारण इथे लिहून टाकतो. सुईवाले बाबू गाडीत बसलेले दिसले की गावातलं दार आपोआप उघडायचं, आणि उघडलेल्या दारात मी माझा काटा ठेवायचो. त्यांना हे कळत होतं. एकदा भाव पाडताना मी फारच ताणलं तर ते समोरच्या बाईला म्हणाले, "बाई, याचं आईकू नोको. याले मी लहानपणापासून ओळखतो, हा दवाखान्यात बी इंजेक्शनचा भाव करते." सगळे हसले आणि मला भाव वाढवावा लागला. गाडीत बसल्यावर मी लांजी येईपर्यंत बोललो नाही. त्यांनी वाटेत चहा पाजला, तोही माझ्याच पैशाने.

मुक्कामाला आम्ही बहुतेक वेळा फुलाबाईच्या घरी उतरायचो. लांजीपासून पुढे जंगलाच्या कडेला तिचं घर, आजूबाजूला पळसाची आणि कुसुमाची झाडं, आणि त्या झाडांवर लाख, बांगड्यांना लागते ती. नवरा वारलेला, मुलगा आणि सून हाताशी, गावातल्या बऱ्याच घरांची लाख कुणाकडे जायची ते तिच्या शब्दावर ठरायचं. तिच्या घरी भाऊजींचा रोजचा एक प्रकार असायचा, त्याने माझं डोकं फिरायचं. सूर्य कलला की ते आपली जुनी हिरवी मच्छरदाणी काढायचे. तिला चार कोपरे, पण दोऱ्या तीनच. तीन कोपरे बांधून झाले की चौथा हातात धरून म्हणायचे, "फुलाबाई, एक दोरी भेटन काय? माही एक कमी हाये." मग फुलाबाई घरभर शोधायची. कधी सुतळी, कधी अंबाडीचा दोर, कधी लुगड्याची किनार. मग तीच येऊन तो कोपरा खुंटीला बांधायची, ओढून बघायची, कडा खोचायची आणि म्हणायची, "झोपा आता, बाबू. काही येत नाही आत." सकाळी तिची दोरी सोडून ते तिच्या हातात परत द्यायचे. प्रत्येक घरी हेच. डास यायची वेळ आणि हा माणूस एका दोरीसाठी अर्धा अर्धा तास गप्पा मारतो. मी म्हणायचो, "भाऊजी, सरकारनं तीस वर्षं पगार दिला, एक दोरी नाही घेता आली?" ते म्हणायचे, "राहून जाते."

मग मी बाजारातून निळी नायलॉनची दोरी आणली, चांगली जाड, आणि कापून त्यांच्या हातात दिली. पुढच्या खेपेला पुन्हा तीनच. विचारलं तर म्हणाले, हरवली. मी पुन्हा आणली. पुन्हा हरवली. तिसऱ्यांदा मात्र मी अख्खं बंडलच दिलं आणि तेही दिसेनासं झालं, तेव्हा मी गाडी थांबवून भांडलो. माझी वस्तू म्हणून तुम्हाला किंमत नाही, असं मी बोललो. कष्टाने वर आलेल्या माणसाला आपण दिलेल्या वस्तूचा फार अभिमान असतो, तो दुखावला की तो आंधळा होतो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "किंमत हाये, सालेसाहेब. म्हणूनच सांभाळून ठेवतो." मला ती थट्टा वाटली.

या वर्षी पाऊस ओसरल्यावर लाख बघायला निघायचं होतं. पीक झाडावर असतानाच बघून शब्द घ्यावा लागतो, तोडणीला गेलं की दुसरे पोचलेले असतात. निघायच्या आधी मी दोन नवीन मच्छरदाण्या घेतल्या. तंबूसारख्या. गोल घडी सोडली की फट्‌कन उघडते, तळालाही कापड, बाजूला चेन, दोरीचं कामच नाही. दुकानदाराला अर्ध्या भावात आणून मी खूश होतो. एक माझी, पिकअपच्या मागच्या हौद्यात लावायची, कुणाच्या छपरीत नाही आणि कुणाचा राग नाही. दुसरी भाऊजींची. ते ताईशी बोलत होते तेवढ्यात मी त्यांच्या पिशवीतून ती जुनी हिरवी काढली, नवी टाकली आणि जुनी गाडीच्या सीटमागे खुपसली. गंमत करावी, वेळ वाचावा, एवढाच विचार होता... एवढाच होता असं मी स्वतःला सांगतो. त्या तीन दोऱ्यांवर माझा रागही होताच.

फुलाबाईच्या अंगणात त्यांनी पिशवी उघडली. "माही कोठं?" मी म्हणालो, "फाटली होती, घरीच ठेवली. ही पाहा." आणि मीच घडी सोडली. ती फट्‌कन उघडली तशा कोंबड्या पळाल्या, सून दचकून मागे सरली आणि मग हसली. फुलाबाई हसली नाही. तिने भोवती फिरून बघितलं, चेन ओढून बघितली आणि म्हणाली, "हे तं आपोआपच उभं राहते. आमाले काही कामच नाही ठेवलं, शेठ." भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, घरची सरकारी मच्छरदाणी कोठं आहे? ती मुलाने धानाच्या राखणीला मचाणावर नेली होती. सुनेच्या मांडीवर सव्वा महिन्याचं मूल होतं. भाऊजींनी एका हाताने तो तंबू उचलला, सुनेच्या अंथरुणावर ठेवला आणि म्हणाले, "ही तुह्या बाळासाठी आणली. चेन लावत जाय, अन् आतमंधी तू बी झोपत जाय." ते खोटं होतं, आणि माझ्या समोर बोललेलं. माझी वस्तू, मला न विचारता. माझा चेहराच बोलला असणार. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "लेकरू लहान हाये. मले शाल हाये." मी म्हणालो, "दिली ना? मंग झोपा आता तसेच."

आणि मी गाडीकडे गेलो. सीट पुढे ओढून टॉर्च काढली. टॉर्चच्या शेजारीच ती हिरवी मच्छरदाणी होती, माझ्या हाताला लागली. छपरी तिथून वीस पावलं असेल. काढून नेऊन दिली असती तर फुलाबाईने उठून एक दोरी शोधली असती, आणि झालं असतं. पण मग मला सांगावं लागलं असतं की ती फाटली नव्हती, घरीही नव्हती. आणि मुख्य म्हणजे मी रागात होतो. सकाळी देऊ, एक दिवस कळू दे, असं मनात म्हणून मी सीट मागे ढकलली.

सकाळी ते छपरीत शाल गुंडाळून बसले होते. "झोप झाली?" विचारलं तर "हौ, मस्त," म्हणाले. परतीच्या वाटेत त्यांच्या घोट्यांवर लाल ठिपके दिसले. मी विषय मच्छरदाणीवर नेला आणि पुष्कळ बोललो... विचारून द्यायची, वस्तू फुकट येत नाही, तुमचं नाव होतं आणि माल माझा जातो. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "महिनाभर दोघंबी ध्यान ठेवू. ताप आला तं रक्त." आमच्यातलं धड बोलणं तेच शेवटचं. बाराव्या दिवशी त्यांना ताप आला. दवाखान्यात डोळे उघडायचे तेव्हा मला बघून म्हणायचे, "काहून तोंड पाडून बसला, सालेसाहेब?" एकदा म्हणाले, "फुलाबाईच्या नातवाचं रक्त पाहून घेजो." मी हो म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं. ताई शेजारी बसली होती म्हणून नाही सांगितलं, असं म्हणू का? ती पाणी आणायला गेली तेव्हाही सांगितलं नाही.

तेरवीच्या दिवशी ताईचा जावई चार माणसांत म्हणाला की सुरेशमामांनी जंगलात फिरवलं म्हणून हे झालं. मी ताट सरकवून उठलो. म्हणालो, त्यांनी तीस वर्षं जंगल काढलं तेव्हा मी नेत होतो का? डास कुठलाही असेल, लांजीचा असेल, तुमच्या अंगणातला असेल. जावयाला मी पुष्कळ सुनावलं. ताई दारात उभी होती. तिने त्याला थांबवलं नाही आणि मलाही नाही. मी चपला घालत होतो तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "सुरेश, त्यायची मच्छरदाणी कोठं हाये? पिशवीत नाही भेटली." मी म्हणालो, "तिकडंच राह्यली असन." ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं नाही. मी तिच्या दारावरून गाडी नेली, थांबलो नाही. मनातल्या मनात मात्र रोज तिच्याशी सौदा करत होतो. डास नेमका कोणत्या रात्रीचा हे कोण सांगणार, छपरीत मी झोपवलं नव्हतं, नवी मच्छरदाणी मीच दिली होती, ती देऊन टाकली कुणी? असा हिशेब करता करता प्रत्येक वेळी हात सीटमागे जायचा आणि तिथे ती लागायची.

दिवाळीनंतर लाखेच्या तोडणीला मी एकटा फुलाबाईकडे गेलो. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिने लाखेच्या भावाचं नावही काढलं नाही, मीही काढलं नाही. मूल गुटगुटीत होतं, आशा कार्यकर्तीकडून त्याचं रक्त तपासून घेतलं, काही निघालं नाही. तो तंबू घराच्या कोपऱ्यात उभा होता, आत धुतलेलं दुपटं. ऊन कलायला लागलं. मी गाडीकडे गेलो, सीट पुढे ओढली, हिरवी मच्छरदाणी काढली आणि ती घेऊन पहिल्यांदाच तिच्या छपरीत आलो. तीन कोपरे बांधले. चौथा हातात धरून उभा राहिलो. भाव करताना ज्या तोंडाने मला कधी दगा दिला नाही त्याला एक दोरी मागता येईना. फुलाबाई आतून सुतळी घेऊनच बाहेर आली. खुंटीला गाठ मारत म्हणाली, "तुमाले नाही वाटत माहीत. एक खेप मी बाबूले म्हटलं, बाबू, बजारातून एक दोरी आणा ना. तं म्हणे, आणली तं तू कायले येशीन? तीन कोपरे पाव्हण्याचे, एक घरचा. मंग पाव्हणा बी घरचा." तिने कडा खोचल्या. "झोपा, शेठ. काही येत नाही आत."

मी आत पडून राहिलो. म्हाताऱ्या पटलाची चारोळी आठवली. त्याच एका गोष्टीपायी मी घोंगडं घेतलं आणि चार वेळा तापलो. तीच गोष्ट या माणसाने एक दोरी कमी ठेवून सोडवली होती, इतक्या वर्षांत, किती गावांत, किती घरांत... आणि मी त्यांना दुकानातून दोऱ्या आणून देत होतो. त्यांच्या हाती मी अशी मच्छरदाणी दिली, जिच्यात घरच्या माणसाला हात लावायला जागाच नव्हती. ती त्यांना तिच्या छपरीत लावता येणारच नव्हती. सकाळी फुलाबाईची सुतळी सोडून तिच्या हातात दिली. भाव तिने सांगितला तोच ठेवला.

परत येताना थेट ताईच्या दारात गाडी उभी केली. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी मच्छरदाणी तिच्यासमोर ठेवली. "कोठं भेटली?" तिने विचारलं. "माह्याच गाडीत होती, ताई. सीटच्या मांगं. त्या दिवशी बी तेथंच होती. मले माहीत होतं." मग सगळं सांगितलं, पिशवीतून काढली तिथपासून, टॉर्च घेताना हाताला लागली तिथपर्यंत. एकही शब्द कमी केला नाही, डासाचा विषय काढला नाही. ती ऐकत होती आणि तिची बोटं तांदळातून फिरत होती. मग थांबली. "त्यायले माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यायले तुह्यासाठी वाईट वाटलं असतं." पुन्हा तांदळात हात घालत म्हणाली, "तू दोऱ्या आणून द्यायचा ना, ते मले आणून देत. म्हणत, याले समजत नाही, पण देते मनापासून. जपून ठेव." तिने मान वर केली तिकडे मी बघितलं. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची निळी दोरी. तुकड्याला तुकडा गाठी मारून जोडलेला, आणि पुढे ते अख्खं बंडल. किती वर्षं मी त्या दोरीखालून वाकून आत जात होतो. जावयाचा शब्द मी विसरलेलो नाही. पण तो खोटा होता असं आता मला म्हणता येत नाही.

दिवे लागायची वेळ झाली होती. ताई उठली, मच्छरदाणी झटकली आणि आतल्या खोलीत भाऊजींच्या खाटेवर बांधू लागली. एक कोपरा खिडकीच्या गजाला, एक कपाटाच्या कडीला, एक खुंटीला. चौथा धरून तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "सुरेश, एक दोरी भेटन काय?"

मी खिसे चाचपले. मग अंगणात गेलो, वाळलेले कपडे काढून ओसरीवर ठेवले आणि निळ्या दोरीची गाठ सोडायला लागलो. गाठ जुनी होती, पावसापाण्याने घट्ट बसलेली, नखांनी सुटेना. आत ताई तो कोपरा हातात धरून उभी होती.